वहीतलं ॲव्हरेज

नवी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते, हार चढतो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं ठेवली जातात आणि पेढा तोंडात टाकताच शेजारचे काका विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मालक शोरूममध्ये ऐकलेला आकडा सांगतो. सहा महिन्यांनी तोच प्रश्न आला की उत्तर "हायवेला अठरा-एकोणीस, गावात बारा-तेरा" असं झालेलं असतं. हा दुसरा आकडा ऐकायला खरा वाटतो, पण बहुतेकदा तोही कुणी मोजलेला नसतो. कधी तो डॅशबोर्डवर ओझरता पाहिलेला असतो, कधी मित्राच्या तशाच गाडीवरून उचललेला, तर कधी "दोन हजारांचं टाकलं आणि शिर्डी करून आलो" अशा हिशेबातून निघालेला.

नाशिकमध्ये तरी असं होऊ नये, कारण गाडी किती तेल पिते हे ज्या वस्तूंवर ठरतं त्यांतल्या कितीतरी याच शहरात बनतात. सातपूरला बॉशचा कारखाना आहे. जुन्या नाशिककरांच्या तोंडी तो अजून 'मायको'च. तिथे पन्नासहून अधिक वर्षं डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. आजच्या इंजेक्टरच्या नोझलचं छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं आणि त्यातून दीड-दोन हजार बार दाबाने डिझेल फवारलं जातं. त्या छिद्राच्या मापात जराशी चूक झाली तरी इंजिन धूर ओकतं आणि तेल जास्त जाळतं. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडल्या. रेनोच्या भागीदारीतली लोगन २००७ मध्ये इथूनच आली आणि पुढे रेनो बाजूला झाल्यावर तिची व्हेरिटो झाली. सिएटचे टायरही नाशिकमध्ये बनतात. कारखान्यात ज्या शहराचे हात मायक्रॉनमध्ये मोजतात, त्या शहरात गाडी दारात आल्यावर मोजमाप का थांबावं?

मोजायला लागतं ते इतकंच: एक छोटी वही आणि पेन, दोन्ही गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात. पंपावर टाकी फुल्ल करायची. नोझल आपोआप 'टक्' करून बंद झालं की थांबायचं; आकडा पूर्ण करण्यासाठी वरून आणखी पन्नास रुपयांचं ओतून घ्यायचं नाही. तसं केल्याने पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्यात द्रवरूप पेट्रोल शिरू शकतं आणि तो डबा खराब होतो. मग ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या 'टक्'पर्यंत भरायचं. जितके किलोमीटर झाले त्यांना जितके लिटर गेले त्यांनी भागायचं. तारीख, किलोमीटर, लिटर आणि गाडी जास्त करून गावात फिरली की बाहेर, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या की झालं. एका टाकीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण नोझल कधी अर्धा लिटर आधी बंद होतं, कधी नंतर. तीन-चार टाक्यांची सरासरी काढली की तो फरक मिटतो. डॅशबोर्डवरचा आकडा सोयीचा असतो, पण अनेक गाड्यांमध्ये तो वहीपेक्षा थोडा चढाच दिसतो.

शोरूममधला आकडाही खोटा नसतो, तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. पुण्याची एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे कंपन्या जाहीर करतात तो आकडा अशाच मान्यताप्राप्त संस्थांच्या प्रमाणित चाचणीतला असतो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात आणि गाडी जागच्या जागी पळते. वेग कधी वाढवायचा, गिअर कधी बदलायचा, थांबायचं कधी, याचं वेळापत्रक सेकंदागणिक ठरलेलं असतं. हा सगळा प्रकार वीस मिनिटांच्या आत आटोपतो. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, सरासरी वेग ताशी तिशीच्या थोडा वर आणि कमाल वेग ९०. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, पावसाळी रस्ता नाही, मागच्या सीटवर तिघं नाहीत आणि डिकीत द्राक्षांच्या पेट्याही नाहीत. धुरातला कार्बन मोजून त्यावरून किती इंधन जळलं ते काढतात.

रोलरने चाकांना किती विरोध करायचा, हे आधी ट्रॅकवर ठरतं. गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात मंदावते ते नोंदवतात. जपानच्या मित्सुबिशीने लबाडी केली ती नेमकी याच टप्प्यावर. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने कबूल केलं की सुमारे सव्वासहा लाख छोट्या गाड्यांचं मायलेज फुगवून दाखवलं होतं. त्यांतल्या बऱ्याच गाड्या निस्सानच्या नावाने विकल्या गेल्या होत्या. ह्युंदाई आणि किया यांनाही अमेरिकेत मायलेज वाढवून सांगितल्याबद्दल २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. युरोपने २०१७ पासून जुनी सौम्य चाचणी मोडीत काढायला सुरुवात केली आणि जास्त वेगाची, जास्त लांबीची नवी पद्धत आणली. आपली चाचणी अजून त्या जुन्या युरोपीय वळणाचीच आहे. त्यामुळे एक लिटर इंजिनच्या वॅगन-आरचा २४.३५ हा आकडा दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहायला उपयोगाचा आहे. महिन्याचं बजेट मात्र त्यावर बांधू नये.

नाशिकच्या गाडीला तीन प्रकारचे रस्ते भेटतात, आणि तिन्हींचं गणित वेगळं आहे.

पहिला रस्ता गावातला. संध्याकाळी द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर इंजिन आणि एसी चालू ठेवून उभी असलेली गाडी शून्य ॲव्हरेज देत असते. छोट्या पेट्रोल इंजिनलाही असं उभं राहायला तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. रोजची पंधरा मिनिटं धरली तरी महिन्याला साडेपाच ते साडेसात लिटर जागच्या जागी जळतात. त्याहून महाग पडतात त्या छोट्या फेऱ्या. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडच्या शाळेत मुलांना सोडायचं, परत यायचं, तासाभराने भाजीला जायचं, पुन्हा दुपारी बँकेत. दर वेळी इंजिन थंड असतं. थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिसळावं लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि इंजिन पुरतं तापेपर्यंत घर येतं. ही सगळी कामं एका फेरीत केली तर वहीतला आकडा महिन्याभरात हललेला दिसतो. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं जागेवर 'गरम' करत ठेवायची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आताच्या गाडीत सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटाने निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवावा, एवढं पुरतं.

दुसरा रस्ता घाटाचा. मुंबईहून येणारा माणूस "येताना जास्त पेट्रोल लागतं" असं म्हणतो, ते अगदी बरोबर आहे आणि त्याचा हिशेबही मांडता येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. माणसं-सामान धरून तेराशे किलोची गाडी एवढी वर चढवायला लागणारी ऊर्जा पाव लिटरपेक्षा कमी पेट्रोलमध्ये असते. पण पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवतं, म्हणून प्रत्यक्षात खर्च होतो पाऊण ते एक लिटर. एकशेसत्तर किलोमीटरच्या प्रवासात नऊ-दहा लिटर लागत असतील, तर त्यातला एक लिटर निव्वळ उंचीचा. परतीच्या वाटेवर त्यातला बराचसा भाग वसूल होतो, म्हणून ॲव्हरेज जाऊन-येऊन मिळूनच मोजावं.

ही वसुली न्यूट्रलमध्ये होत नाही. कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, ही समजूत अजून अनेकांच्या मनात घट्ट आहे. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधनपुरवठा पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला टाकली की मात्र इंजिनला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं आणि त्यासाठी पेट्रोल जातं. म्हणजे न्यूट्रलमध्ये तेल जास्त लागतं आणि वर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात, पॅडमधून जळका वास येतो, पेडल खोल जायला लागतं, आणि त्या अवस्थेत समोर ट्रेलर आला तर काय होतं हे घाटात राहणाऱ्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या एसटी चालकांचा नियम आजही शंभर टक्के खरा आहे. यात काटकसर आणि सुरक्षितता एकाच बाजूला आहेत.

तिसरा रस्ता समृद्धीचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पुढे भरवीर, मग इगतपुरी, आणि जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला. मोटारींना वेगमर्यादा १२०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ९० ऐवजी १२० ने निघालं की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. इगतपुरी ते शिर्डी हे सुमारे १०५ किलोमीटर १२० ने ५२ मिनिटांत होतात, ९० ने ७० मिनिटांत. अठरा मिनिटांसाठी दर लिटरमागे कित्येक किलोमीटर घालवायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. वही ठेवणाऱ्याला निदान किंमत माहीत असते. वर कॅरिअर लावून त्यावर सामान बांधलं असेल तर फरक आणखी वाढतो.

समृद्धीवर मायलेजपेक्षा महत्त्वाचा मुद्दा टायरचा आहे. काँक्रीटचा सरळसोट रस्ता, न थांबता तासन् तास वेग, विदर्भ-मराठवाड्यातलं ऊन. गावात वर्षानुवर्षं निभावून नेलेला टायर अशा ठिकाणी हार मानतो. लागोपाठच्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने या महामार्गाच्या प्रवेशांवर गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. '२३१८' असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी दिसायला कितीही छान असली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं आणि नखाने दाबून पाहिलं तर कडेला बारीक भेगा दिसतात. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते, आणि कायद्यानेही तो टायर बाद ठरतो. स्टेपनीचाही आठवडा एकदा वाचावा. ती बहुतेकदा गाडीइतकीच जुनी असते.

हवेबद्दल नाशिक जिल्ह्याचा एक खास प्रश्न आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात दर हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानांची नोंद होते. पारा चार-सहा अंशांपर्यंत उतरलेला असतो. टायरमधल्या हवेचा दाब तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआयने कमी होतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ३६-३८ अंशांत ३३ भरून आणलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, एक थेंबही न गळता, २७-२८ वर आलेली असते. त्यात दर महिन्याला एखादा पीएसआय हवा आपसूक कमी होते ती वेगळीच. हवा कमी असल्याने मायलेज किती घटतं? फार नाही, एखाद-दोन टक्के. पण टायर दोन्ही कडांनी झिजतो, स्टिअरिंग जड होतं आणि वेगात टायर तापतो. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना हवा तपासावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. पंपावर हवा मोफत मिळते. पैसे मोजून नायट्रोजन भरायची गरज नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

वहीतला आकडा रस्ते तेच असताना हळूहळू उतरायला लागला, सोळाचा चौदा झाला, तर गाडी काहीतरी सांगते आहे. सगळ्यात आधी लोक एअर फिल्टरला दोष देतात. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक गाड्यांवर हे तपासून पाहिलं होतं. फिल्टर तुंबला की पिकअप मरतो, पण मायलेजवर फारसा परिणाम होत नाही, कारण संगणक येणाऱ्या हवेच्या मानाने इंधन कमी करतो. फिल्टर तरीही वेळेवर बदलावा. दिंडोरी-पिंपळगावच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा तर मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्याही आधी बदलावा, पण तो इंजिनच्या आयुष्यासाठी. ॲव्हरेज घटण्याची कारणं बहुधा इतरत्र असतात. एखाद्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसतो. वीस मिनिटं चालवून गाडी थांबवावी आणि चारही रिमच्या जवळ, न टेकवता, हात धरून पाहावा. एका बाजूच्या चाकाची धग दुसऱ्या बाजूच्या जोडीच्या चाकापेक्षा उघड जास्त लागली तर तोच ब्रेक चिकटतो आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आणि संगणक ते थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. अशा गाडीत तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो. व्हील अलाइनमेंट बिघडलं की टायर रस्त्यावर घासत जातात. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर प्लेट घसरते, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही.

इंजिन ऑइलबाबत एक आग्रह सोडायला हवा. "जाड ऑइल टाक, इंजिन टिकेल" हे जुन्या इंजिनांपुरतं ठीक होतं. आजची छोटी पेट्रोल इंजिनं ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ ऑइलवर चालण्यासाठी घडवलेली असतात. त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर मायलेज पडतं आणि थंडीत सुरू होताना वरच्या भागांपर्यंत ऑइल उशिरा पोहोचतं. कोणता ग्रेड, किती लिटर, किती किलोमीटरनंतर, हे सगळं गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात छापलेलं असतं. हे पुस्तक एका रविवारी नीट वाचलं तर सर्व्हिसच्या वेळी काउंटरवर बोलायला आधार मिळतो. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट अशी यादी पुढे आली की एकच विचारावं: हे कंपनीच्या देखभाल तक्त्यात आहे का? नसेल तर नम्रपणे नको म्हणावं. त्या यादीत नसलेला पण हमखास राहून जाणारा खर्च म्हणजे ब्रेक फ्लुइड. ते हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ज्यांना महिन्यातून दोनदा घाट उतरायचा आहे त्यांनी तरी यात चालढकल करू नये.

आता पेट्रोलच बदललं आहे, आणि "गाडी पूर्वीसारखी ॲव्हरेज देत नाही" या तक्रारीत त्याचाही वाटा आहे. पंपावर मिळतं ते आज ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्के कमी होईल आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत घट एक-दोन टक्क्यांवर राहील, असं म्हटलं होतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी भाग ई-२० सोसणारे आहेत. त्याआधीच्या गाडीचं झाकण किंवा पुस्तक पाहून काय लिहिलंय ते वाचावं आणि सर्व्हिसच्या वेळी फ्युएल पाइप तपासून घ्यावेत. मका आणि ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला इथेनॉलचा फायदा आहे, हे मान्य. पण कमी ऊर्जेचा लिटर त्याच भावाने घेणाऱ्या ग्राहकाला पंपावर दुसरा पर्याय मिळायला हवा होता, ही तक्रारही रास्त आहे.

मापाबद्दल शंका असेल तर भांडण न करता तपासता येतं. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

सीएनजीचा आकडा ऐकून भुलणारेही खूप आहेत. चौतीस किलोमीटर, पण ते किलोला. एका किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, त्यामुळे किलो आणि लिटर शेजारी मांडणं चूक आहे. तुलना रुपयांत करावी. नाशिकमध्ये एमएनजीएलचा गॅस आल्यापासून रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्यांना सीएनजी खरोखर परवडतो. रांगेत जाणारा वेळ, डिकीतली जागा आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी, हे त्याच हिशेबात धरावं.

डिझेलवाल्यांची अडचण वेगळीच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, मारुतीने त्याच मुहूर्तावर डिझेल गाड्या बंद केल्या. उरलेल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. ही साठलेली काजळी जाळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. सिडको ते अंबड एवढीच रोजची धाव असलेल्या गाडीत ती जळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर फिल्टरचं काम हजारोंत जातं. दिवा लागला की इंजिन बंद न करता मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरपर्यंत एक फेरी मारून यावी. गावातल्या गावात फिरायचं असेल तर डिझेल गाडी घेऊच नये.

खरेदीच्या वेळी मायलेजला किती वजन द्यायचं, यावरही थोडं गणित करून पाहावं. आठ लाखांची गाडी विम्याच्या घसारा तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत निम्म्या किमतीवर येते, म्हणजे वर्षाला सरासरी ८० हजार. वर्षाला १२ हजार किलोमीटर, सोळाचं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर इंधनाचा खर्च ७८ हजार. दोन्ही जवळजवळ सारखे, पण चर्चा फक्त दुसऱ्याची होते. दोन किलोमीटर जास्त देणाऱ्या गाडीसाठी लाखभर जादा मोजणाऱ्याने तो लाख किती वर्षांत वसूल होणार हे आधी मांडून पाहावं. आणखी एक गंमत किलोमीटर-प्रति-लिटर या मापातच आहे. दहाची गाडी बारा द्यायला लागली तर हजार किलोमीटरमागे जवळजवळ सतरा लिटर वाचतात. विसाची बावीस द्यायला लागली तर साडेचारच. म्हणून घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणाऱ्या गाडीकडे लक्ष द्यावं.

पावसाळ्याबद्दल दोनच गोष्टी. इगतपुरीच्या बाजूला किंवा गावात पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर त्या एका प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा भरून मिळत नाही. आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, की नदीपात्राजवळ लावलेली गाडी दर्शन आटोपण्याची वाट न पाहता वर काढावी.

ज्यांची गाडी नेहमीच्या गॅरेजला जाते त्यांनी पुढच्या सर्व्हिसला ही वही सोबत न्यावी. "गाडी जरा जड वाटतेय" असं सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने हात घालतो आणि दोन-तीन भाग उगीच बदलले जातात. "ऑगस्टपर्यंत सोळा देत होती, सप्टेंबरपासून चौदा, रस्ता तोच" असं कागदावर दाखवलं तर तो सरळ ब्रेक, थर्मोस्टॅट आणि सेन्सर तपासायला घेतो. वही दहा-वीस रुपयांत मिळते. पुढच्या वेळी टाकी भराल तेव्हा ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पहिली ओळ लिहा.